भाऊसाहेबांचा पिंजरा

बिरवाडीत भाड्याच्या खोल्या भरपूर, आणि प्रत्येक खोलीला निदान एक तरी खिडकी. एमआयडीसीत कामाला आलेली माणसं संध्याकाळी खोलीवर येऊन दिवा लावत, आणि डास आत घुसत. मग शेजारचं कुणीतरी सांगे, "शर्मिलाताईंना बोलवा." शर्मिला यायची, टेपानं खिडकी मोजायची, आणि दुसऱ्या दिवशी कडेनं वेल्क्रो शिवलेली जाळी घेऊन हजर व्हायची. चौकटीला पट्टी चिकटवली, वर जाळी दाबली, की काम झालं. बारा वर्षं ती हे करत होती. नायलॉनची जाळी कुठं फाटते, कुठं ताणते, कोपऱ्यात किती टाके घातले म्हणजे उसवत नाही, हे तिच्या बोटांना पाठ होतं.

नवरा अरविंद कारखान्यात फिटर. शिफ्ट बदलली की त्याचं झोपेचं वेळापत्रक बदलायचं, आणि झोपेतून उठल्यावर तो अर्धा तास बोलायचा नाही. एकुलती एक मुलगी प्रियदर्शिनी जून महिन्यात नर्सिंग शिकायला पुण्याला गेली. तेव्हापासून घरात मशीनचा आवाज आणि अरविंदचं घोरणं, एवढंच उरलं होतं.

शर्मिलाला एक भाऊ होता, सुहास. दहा वर्षांनी धाकटा. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ती नुकती दहावी झाली होती. पुढचं शिक्षण राहिलं ते राहिलंच. तुडीलच्या घरी तिनंच त्याला न्हाऊ घातलं, शाळेत पोचवलं, सावित्री नदीच्या पायऱ्यांवरून पडून भुवई फुटली तेव्हा त्याला कडेवर घेऊन ती डॉक्टरकडं पळाली. पुढं तिचं लग्न झालं, वडील गेले, आणि तुडीलच्या घराचा आपला हक्क तिनं सही करून सुहासला सोडून दिला. तिला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. तो आता पनवेलला राहायचा, फिशटँक आणि पक्ष्यांच्या एका दुकानात कामाला होता.

भात कापणीला आलं होतं त्या दिवसांत सुहास एकदा दुपारचाच मोटारसायकलवर आला. मागं काचेची एक जुनी फिशटँक बांधलेली, आणि पोटाशी धरलेला बुटाचा खोका. खोक्याला भोकं पाडलेली.

"ताई, आधी डोळे मीट."

"मी काय लहान हाय का रे? काय हाय त्यात?"

"मीट तर!"

तिनं मिटले. उघडले तेव्हा खोक्यात एक हिरवी, घडी घातलेल्या पानासारखी चपटी वस्तू होती. मग त्या पानाला डोळा फुटला. डोळा कसला, टोपी घातलेला वाटोळा मणी. एक मणी सुहासकडं वळला आणि दुसरा, त्याच्याशी काही संबंध नसल्यासारखा, शर्मिलाकडं.

"अगो बाय! सरडा!"

"सरडा नाय ताई, शॅमेलिऑन. आफ्रिकेचा. फुल इम्पोर्टेड. आमच्या दुकानात विमानानं येतात."

"आणि ही शेपटी अशी कशी?" शेपटीचं टोक तुटलेलं होतं. जखम भरत आली होती, टोकाला काळी खपली धरली होती.

"कार्गोमध्ये खोक्याखाली चेंगरली. डॅमेज पीस म्हणून कस्टमरनं नाय घेतला. शेठ बोलला, फेकून दे." सुहासनं तिच्याकडं पाहिलं. "मला तू आठवलीस. प्रियू गेल्यापासून घर खायला उठतं, असं बोलली होतीस ना फोनवर?"

तिनं ते एकदाच म्हटलं होतं, तेही बोलण्याच्या ओघात. ते त्याच्या ध्यानात राहिलं, याचंच तिला भरून आलं.

चहा पिताना त्यानं बॅगेतून छापील कागद काढले. परदेशी प्राणी घरी ठेवायचा तर सरकारकडं नोंद करावी लागते, म्हणाला. नोंद तुझ्याच नावावर करतो, तूच सांभाळणार आहेस ना. कागद इंग्रजीत होते. तिनं तीन ठिकाणी सह्या केल्या, आधार कार्डाची झेरॉक्स काढून दिली, आणि त्या कागदांचीही एक झेरॉक्स स्वतःजवळ ठेवली. आजवर तिनं सही केली होती ती काहीतरी सोडून देण्यासाठी. काहीतरी तिच्या नावावर लागण्यासाठी ही पहिलीच. सुहास गेल्यावर तिनं तेवढं अरविंदला सांगितलं सुद्धा. अरविंद नुकता उठला होता, त्यामुळं काही बोलला नाही.

सरड्याचं नाव तिनं दोन दिवसांत ठेवलं, भाऊसाहेब. एक पाय उचलायचा, तो हवेत धरून पुढं-मागं डोलायचं, विचार करायचा, मग टेकवायचा. त्यांच्या गावच्या तलाठ्याची चाल अगदी अशीच होती आणि त्यांनाही सगळे भाऊसाहेबच म्हणत.

पण भाऊसाहेबांना फिशटँक मानवेना. काचेच्या पेटीत ते काळपट पडले आणि कोपऱ्यात तोंड खुपसून बसले. काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसलं की फुगायचे, फुस्स करायचे. नाकतोडा समोर सोडला तरी जीभ काढेनात.

"जीव गुदमरतोय त्याचा," अरविंद पेटीत डोकावून म्हणाला. "हवाच नाय खेळत आत."

हवा खेळती ठेवून कीटक आवरायचे, हे तर शर्मिलाचं रोजचंच काम. तिनं घर बांधायला घेतलं.

पाण्याच्या लाइनीच्या कामातून उरलेले अर्ध्या इंची पीव्हीसीचे पाइप माळ्यावर पडले होते. हॅकसॉनं तिनं ते कापले. चार फूट उंच, दोन फूट रुंद. उंच अशासाठी, की हा प्राणी जमिनीवर राहणारा नव्हता. त्याला चढायला हवं होतं. कोपऱ्यांना एल्बोचे जोड लावले आणि वर खिडकीच्या जाळीची पिशवीसारखी शिवलेली खोळ चढवली. दिसायला सुरेख झालं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेब जाळीला लटकलेले सापडले. बारीक नायलॉनच्या भोकांत त्यांची नखं अडकली होती. सोडवायला गेलं की बोटं आणखी घट्ट आवळत होते. शर्मिलानं नखाभोवतीचा एकेक धागा छोट्या कात्रीनं कापला. पाऊण तास लागला. तोवर ते तिच्याकडं एका डोळ्यानं बघत राहिले. दुसरा डोळा छताकडं होता.

ती खोळ तिनं फेकून दिली. मग कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाड प्लास्टिकची जाळी आणली. नखं अडकेनात, पण आता आतले नाकतोडे बाहेर येऊन घरभर उड्या मारू लागले. एक अरविंदच्या डब्यात निघाला. शेवटी तिनं खालचा दीड फूट दुहेरी केला, बाहेरून बारीक जाळी आणि आतून जाड. दाराला प्रियदर्शिनीच्या जुन्या दप्तराची चेन लावली. तळाला ताडपत्रीचा तुकडा, वेल्क्रोनं बसवलेला, म्हणजे घाण काढताना नुसता ओढून काढता यावा. आत कुंडीतली जास्वंद आणि पेरूची आडवी-तिडवी फांदी.

पाण्याचा घोळ सगळ्यांत शेवटी सुटला. वाटीतलं पाणी भाऊसाहेब बघतही नसत. एकदा जास्वंदीवर पाणी शिंपडताना पानावरून ओघळणाऱ्या थेंबाकडं त्यांची जीभ गेली आणि शर्मिलाच्या डोक्यात प्रकाश पडला. दवाखान्यातल्या ओळखीच्या कंपाउंडरकडून तिनं सलाइनची न वापरलेली नळी मागून आणली, पाण्याची बाटली पिंजऱ्यावर उलटी टांगली आणि चाक फिरवून थेंब बसवला. दर चार मोजता एक. भाऊसाहेब हळूहळू चढून आले, पानाखाली मान केली आणि पीत राहिले. दुपारपर्यंत त्यांचा काळपटपणा गेला होता. पोपटी अंगावर पिवळे ठिपके उठले होते.

शर्मिलानं व्हिडिओ काढून सुहासला पाठवला. दुसऱ्याच रविवारी तो आला आणि पिंजऱ्याभोवती तीन फेऱ्या मारल्या.

"ताई, कमाल केलीस. मोडून पॅक होईल का हे?"

"पाइप निघतात की सगळे. खोळ घडी करायची. पिशवीत मावेल."

"मग ऐक. आमच्या कस्टमरना असलेच पायजे. पक्षी हाय, इगुआना हाय. काचेच्या पेटीत मरतात बिचारे. तू चार छोटे बनवून दे, दोन फुटी, घडीचे. चेन मी आणतो."

तिनं बनवले. पंधरा दिवस खिडक्यांची कामं बाजूला सारून बनवले. कोपऱ्याला ती नेहमी तीनदा मागं-पुढं टाका घालायची, इथं चारदा घातला. सुहासनं ते चार पिंजरे बॅगेत भरले, जाताना तिच्या पाया पडला, आणि ती दारात उभी राहून त्याची मोटारसायकल वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली.

जानेवारीत सारिकाच्या खोलीची जाळी शिवायला आली. सारिका पॅकिंगला कामाला जायची. तिचं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीवर. लेकीकडं चार दिवस राहायला आलेली तिची आई, चंद्राबाई, जाळी न्यायला म्हणून दुपारची आली. साठीची बाई, काटक, हातात नाचणीच्या पिठाची पिशवी. दारातून आत पाऊल टाकलं आणि तिथंच थबकली.

"अगो, ह्यो घोयरा घरात कशाला घेतलायस? लय वंगाळ जनावर. त्याचा फुत्कार लागतो मान्साला."

"घोयरा नाय ओ मावशी, आफ्रिकेचा सरडा हाय. विमानानं आलाय."

"कुठनं आलाय?"

"आफ्रिकेवरनं."

चंद्राबाईनं पिशवी खाली ठेवली. घाबरत घाबरत जवळ आली, वाकली, आणि बराच वेळ पिंजऱ्यात बघत राहिली. भाऊसाहेब फांदीवर पाठमोरे बसले होते.

"आफ्रिकेचा नाय गो," ती शेवटी म्हणाली. "ह्यो आमच्या बांधावरचा हाय."

शर्मिला हसली.

"हस तू. नाचणी कापताना माज्या कोयत्याखाली आला ह्यो. शेपटीचा शेंडा माज्या हातनं तुटला. ही बघ ना शेपटी. मी तर ठारच मारणार व्हते, आमचा म्हयपत बोलला, मारू नको आये, सर्वेवाला सायब मागतोय. खोक्यात घालून दिलान त्याला."

शर्मिलाच्या हातातली जाळी तशीच राहिली. "कोण सर्वेवाला?"

"पनवेलचा. मोटारसायकलवरनं येतो. घोयरे मोजतो बोलला, आनि परत आनून सोडतो बोलला. आमी सात-आठ दिले. परत सोडायला आला नाय कवा."

शर्मिलानं तिला बसवलं, पाणी दिलं. स्वतःही प्यायली. मग म्हणाली, "मावशी, तुमच्या मुलाला फोन लावता का?"

महिपत शेतावर होता. त्यानं सगळं तसंच सांगितलं. सर्वेवाल्या साहेबाचं नाव त्याला ठाऊक नव्हतं.

"दिसायला कसा होता?" शर्मिलानं विचारलं.

"उंच हाय. गोरा. बोलायला लय गोड. आनि डाव्या भुवईवर खूण हाय, फुटल्यासारखी."

ती भुवई फुटली तेव्हा शर्मिला सतरा वर्षांची होती. तिच्या परकरावर पडलेलं रक्त कितीही धुतलं तरी गेलं नव्हतं.

चंद्राबाई जाळी घेऊन गेली. शर्मिला पिंजऱ्यासमोर स्टुलावर बसून राहिली. तिला पहिल्यांदा कसली लाज वाटली असेल तर ती या गोष्टीची, की शेजारणींना ती हौसेनं बोलावून दाखवत होती, आफ्रिकेचा म्हणून. प्रियदर्शिनीनं होस्टेलमधल्या मैत्रिणींना फोटो दाखवले होते. कार्गोत चेंगरलेल्या शेपटीला तिनं स्वतः महिनाभर हळद लावली होती.

तिनं सुहासला फोन लावला.

तो आधी हसला. डोंगरातल्या बाईला काय कळतं, म्हणाला. तिनं महिपतचं नाव घेतलं तेव्हा त्याचं हसणं थांबलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, ती वाडीवरची लोकं घोयरा दिसला की दगडानं ठेचतात. मी वाचवतो. लोक हौसेनं पाळतात. कुणाचं काय बिघडलं?"

"मला खोटं का सांगितलंस?"

"खरं सांगितलं असतं तर ठेवला असतास?"

"नसता ठेवला."

"मग!"

"त्या चार पिंजऱ्यांत काय हाय, सुहास?"

"ताई, हे तू कुणाला बोलली नायस ना?" तो लहान पोराला समजावावं तसा बोलत होता, अजिबात न चिडता. "हे बघ, मी तुझ्या भल्यासाठी सांगतो. प्राणी तुझ्या घरात, पिंजरा तुझ्या हातचा, पेपरवर सही तुझी. मी कुठं हाय त्यात? उगा स्वतःला अडकवून घेशील. भावोजींच्या नोकरीचा विचार कर. प्रियूच्या कॉलेजचा विचार कर. थोडे दिवस शांत बस, मग मी येऊन घेऊन जातो त्याला."

फोन ठेवल्यावर ती रडली नाही. कपडे वाळत घातले होते ते आत आणले. घड्या घातल्या. घातलेल्या मोडून पुन्हा घातल्या.

अरविंद कामावरून आल्यावर तिनं सगळं सांगितलं. त्यानं कपाळ चोळलं. "जंगलात सोडून येऊ त्याला. चंद्राबाईच्या वाडीवर. कुणाला कळणार हाय? भाऊ हाय तुझा."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे काय?"

"माझे चार पिंजरे हायत तिकडं. रिकामे ठेवले असतील का त्यानं?"

अरविंदनं दिवा मालवला. पण सकाळी ती पिंजरा उचलायला गेली तेव्हा तोही उठला, सुट्टी टाकली, आणि दुसरी बाजू त्यानं धरली.

मिनीडोरवाल्याला पिंजरा पाहून हसू आलं. त्यानं मागची सीट मोकळी करून दिली. महाडपर्यंत शर्मिलानं सलाइनची बाटली हातात उंच धरली होती. भाऊसाहेब गाडीच्या हादऱ्यांनी पिवळे पडले होते आणि पेरूची फांदी चारी पायांनी कवटाळून बसले होते.

वनखात्याच्या ऑफिसात ललिता नावाची तरुण वनरक्षक होती. तिनं पिंजरा पाहिला, मग शर्मिलाकडं पाहिलं आणि खुर्ची दिली.

"हा आपल्याकडचाच शॅमेलिऑन आहे. घोयरा. पकडायला, पाळायला, विकायला कायद्यानं बंदी आहे. तुम्हाला कुणी दिला?"

इथवर येताना शर्मिलानं मनात शंभरदा ते वाक्य म्हणून पाहिलं होतं. तरी तोंडून लवकर निघेना. ललितानं घाई केली नाही.

"भावानं," शर्मिला म्हणाली. "सख्ख्या."

जबाब लिहायला दोन तास लागले. तिनं नाव, पत्ता, दुकान, महिपतचा नंबर, सगळं दिलं. सह्या केलेल्या कागदांच्या झेरॉक्स दिल्या. ललितानं त्या वाचल्या आणि तिच्या कपाळाला आठी पडली. भाऊसाहेब पिंजऱ्यासकट तिथंच राहिले. थेंब कसा बसवायचा ते शर्मिलानं ललिताला दाखवलं. "चार मोजता एक," ती म्हणाली. "जास्त केलात तर डोळे मिटून घेतो."

आठ दिवसांनी तिला ओळख पटवायला बोलावलं. पनवेलच्या एका खोलीतून जप्त केलेला माल टेबलावर मांडला होता. तिचे चार पिंजरे. कोपऱ्यातला टाका चारदा मागं-पुढं घातलेला. कुणी न सांगताही तिनं ते दारातूनच ओळखले.

दोन पिंजऱ्यांत एकेक घोयरा होता, राखाडी पडलेला, पण जिवंत. तिसरा रिकामा होता. चौथा घडी करून बॅगेत भरलेला तसाच सापडला होता. पाठवायच्या तयारीत होता, ललिता म्हणाली. घडी करताना आत प्राणी होता.

शर्मिलानं ती खोळ उलगडली. वाळलेलं, चपटं झालेलं ते जाळीलाच चिकटून राहिलं होतं. पुढच्या पायांची बोटं भोकांतून बाहेर आली होती. जाळी बारीक नायलॉनची होती. तिनं आतून लावलेली जाड जाळी सुहासनं काढून टाकली होती, बहुतेक घडी नीट होत नाही म्हणून.

"आणि हे," ललितानं एक कागद पुढं केला. "प्रत्येक गिऱ्हाइकाला प्राण्याबरोबर असा एक दिला जायचा. वाचता येईल तुम्हाला?"

इंग्रजीतला मजकूर ललितानंच मराठीत सांगितला. हा प्राणी जंगलातून पकडलेला नसून घरी पैदास केलेला आहे. पैदास करणार, आणि पुढं शर्मिलाचं पूर्ण नाव, बिरवाडीचा पत्ता, आधार नंबर, खाली तिची सही. असे कागद अकरा निघाले.

"तुम्ही स्वतः आलात, हे जबाबात पहिल्याच ओळीत आहे," ललिता म्हणाली. "काळजी करू नका. पण साक्षीला यावं लागेल."

बाहेर पडताना पडवीत सुहास बसला होता. जामिनावर सुटला होता, हजेरी द्यायला आला होता. दाढी वाढलेली, पण शर्ट इस्त्रीचा. तिला पाहून उठला. एरवी वाकला असता, आज वाकला नाही.

"झालं समाधान?" तो म्हणाला.

शर्मिला त्याच्यासमोर उभी राहिली. किती दिवस तिनं बोलायचं जमवून ठेवलं होतं. आईचं, शाळेचं, तुडीलच्या घराचं. त्यातलं काहीच ओठांवर आलं नाही.

"एवढंच सांग," ती म्हणाली. "त्या कागदांवर माझंच नाव का घातलंस? दुकानातल्या कुणाचं घालायचंस. खोटं घालायचंस. जगात माझंच का?"

सुहासला प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं. तो खरं तेच बोलला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"तुझ्यावर कोण संशय घेणार, ताई? तुझ्याकडं बघून कुणालाही वाटतं, ही बाई खोटं नाय करणार."

ती जिना उतरली. अरविंद खाली रिक्षा थांबवून उभा होता. त्यानं विचारलं, काय म्हणाला. ती म्हणाली, काही नाही.

फेब्रुवारीत कोर्टाची परवानगी आल्यावर ललितानं तिन्ही घोयरे चंद्राबाईच्या वाडीवर नेऊन सोडले आणि शर्मिलाला बरोबर नेलं. महिपतचाही जबाब झाला होता, त्यामुळं तो ओशाळा होऊन लांब उभा होता. भाऊसाहेबांना करवंदीच्या जाळीवर ठेवलं. त्यांनी एक पाय उचलला, हवेत धरला, डोलले, टेकवला. शर्मिलाला वाटलं एकदा तरी मागं बघतील. एक डोळा मागं वळलाही, पण तो सगळीकडंच वळायचा. पाच मिनिटांत पानांत आणि त्यांच्यात फरक राहिला नाही.

नातेवाइकांत गोष्ट पसरायची तशी पसरली. सुहासनं काय केलं हे कुणी फारसं बोलत नव्हतं. एका सरड्यापायी सख्ख्या भावाला पोलिसांत दिलं, एवढंच सगळीकडं पोचलं होतं. चुलत्यांनी फोनवर विचारलं, घरातल्या घरात मिटवता आलं नसतं का? तिनं सांगायचा प्रयत्न केला. अकरा कागदांचं सांगितलं. ते म्हणाले, कागदाचं काय एवढं, तुला थोडीच पकडलं. सुहासच्या बायकोनं तिचा नंबर ब्लॉक केला. प्रियदर्शिनी तेवढी रोज फोन करायची आणि मामाचा विषय काढायची नाही.

वीस मार्चला महाड माणसांनी भरून गेलं. दरवर्षी सुहासचं कुटुंब आदल्या दिवशीच बिरवाडीला यायचं, आणि दुसऱ्या दिवशी सगळे मिळून पांढरे कपडे घालून चवदार तळ्यावर जायचे. यंदा शर्मिला आणि अरविंद दोघंच गेले. ऊन मी म्हणत होतं. तळ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर ठिकठिकाणी मंडळांचे स्टॉल होते, कुठं पुस्तकं, कुठं भोजनदान, कुठं पाणी. गर्दीत अरविंद पुढं गेला आणि ती मागं राहिली. घसा कोरडा पडला म्हणून एका पाण्याच्या रांगेत उभी राहिली.

रांग सरकत टेबलाशी आली तेव्हा तिला दिसलं, पलीकडं पाण्याच्या जगमधून ग्लास भरून देणारा सुहास होता. पांढरा सदरा, गळ्यात मंडळाचा बिल्ला. तो सगळ्यांशी गोड बोलत होता, म्हाताऱ्यांना हात देत होता. तिचा नंबर आला. त्यानं ग्लास भरला, तिच्या हातात दिला, आणि नजर तिच्या खांद्यावरून मागच्या माणसाकडं नेली.

"पुढं चला मावशी," तो म्हणाला. "गर्दी करू नका, पुढं चला."

ती बाजूला झाली. ग्लास हातात तसाच होता. मागून धक्के येत होते. तिला तहान लागली होती, म्हणून तिनं ते पाणी पिऊन टाकलं, रिकामा ग्लास टेबलाच्या कडेला ठेवला, आणि गर्दीत अरविंदला शोधायला निघाली.